शेततळ्याची गळती शोधणाऱ्याने मला कसे फसवले

चोपडा तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेसाठी आम्ही 30 बाय 30 मीटरचे, 3 मीटर खोल शेततळे खोदले, त्यात 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा (एचडीपीई) कागद अंथरून घेतला आणि पौषात विहिरीच्या पाण्याने ते नऊ फुटांपर्यंत भरले. आठवडाभरातच पाणी उतरू लागले. कागद अंथरणाऱ्याने ते उन्हाने होणारे बाष्पीभवन असल्याचे सांगितले, म्हणून मी पाण्याने भरलेली एक बादली काठाला दोरीने बांधून तळ्यातच ठेवली. पाच दिवसांत बादलीतील पाणी एक इंच उतरले आणि तळ्यातील चौदा इंच. एवढ्या तळ्यात एक इंच म्हणजे सुमारे 21 हजार लिटर पाणी, ही गोष्ट मनातून जात नव्हती.

पुढे पाणी साडेपाच फुटांवर येऊन जवळजवळ थांबले. सर्वांत महत्त्वाची खूण हीच होती आणि तिच्याकडे माझे दुर्लक्ष झाले. पाणी ज्या पातळीवर थांबते त्याच पातळीच्या आसपास गळती असते, त्याखालचा कागद शाबूत असतो.

याच सुमारास ओळखीतून एक गळती दुरुस्त करणारा माणूस आला. त्याने तळे पूर्ण रिकामे करायला लावले, दर ठिगळाला 450 रुपये ठरवले आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतली. चपलांनी कागद फाटतो, असे सांगून त्याने आम्हाला बांधावरच थांबवले. स्वतः मात्र ओले फडके घेऊन कागद पुसत दिवसभर एकटा आत फिरला. संध्याकाळी त्याने 27 भोकांवर खडूने गोल केले होते आणि त्यांतील बहुतेक भोके तळाशी होती. भोके डोळ्यांना दिसत होती, त्यामुळे मी पुढे काही विचारले नाही. 12,150 रुपये दिले, पावती मिळाली नाही. ठिगळे त्याने सायकलच्या पंक्चरसारखी सोल्युशन लावून चिकटवली.

तळे पुन्हा भरले आणि पाणी पुन्हा साडेपाच फुटांवरच येऊन थांबले. महिनाभरात काही ठिगळे सुटून पाण्यावर तरंगू लागली आणि गळती तळाच्या भोकांतूनही सुरू झाली. एचडीपीईच्या कागदाला साधा गोंद धरत नाही, तो गरम हवेच्या यंत्रासारख्या साधनाने तापवूनच जोडावा लागतो, हे मला तेव्हा कळले.

पाणी काढल्यावर आमच्या सालदाराने ठिगळ न लागलेले, खडूच्या गोलातील एक भोक दाखवले, बहुधा ते त्या माणसाच्या नजरेतून सुटले असावे. “आबा, हाई भोक जुनं नही, ताजं शे.” त्याची कड खिळ्याने टोचल्यासारखी गोल आणि स्वच्छ होती. आम्ही शेजारचा कागद थोडा उचलून पाहिला, तेव्हा भोकाखालची माती थोडी ओली होती, पण पाणी मुरल्यावर होतो तसा गाळ किंवा चिखल तिथे नव्हता. पाण्याने भरलेल्या तळ्याच्या तळाशी इतकी भोके असती तर पाणी साडेपाच फुटांवर थांबलेच नसते. बहुतेक भोके त्याने आत फिरताना स्वतःच पाडली होती, याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

खरी गळती आम्ही नंतर स्वतः शोधली. तळाची भोके यंत्राने नीट बुजवून घेतली, पाणी साडेपाच फुटांच्या खुणेच्या वर अर्धा फूट ठेवले आणि त्या पातळीवरील प्रत्येक जोडाजवळ बाटलीतून पोटॅशियम परमँगनेटचे गुलाबी पाणी हळूहळू सोडत चारही बाजूंनी फिरलो. ईशान्येकडील कोपऱ्यात रंग पसरण्याऐवजी एका रेषेत ओढला गेला. तेथे दोन कागदांचा जोड वीतभर लांबीला चिकटलेलाच नव्हता, बोट सहज आत जात होते.

कागद अंथरताना प्रत्येक जोड स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ओढून पाहिला असता, तर हे पाणी भरण्याआधीच कळले असते. गळती शोधायला कोणी आले तर तळे रिकामे करण्यापूर्वी पाणी कोठे थांबले ती रेघ कागदावर मारून ठेवावी, त्या माणसाबरोबर अनवाणी आत उतरावे आणि त्याने दाखवलेल्या प्रत्येक भोकाखालची माती ठिगळ लावण्याआधी स्वतः पाहावी. तो माणूस आता आमचा फोन उचलत नाही. यावल आणि रावेरकडील दोन बागायतदारांकडेही त्याने हेच केल्याचे मला अलीकडे कळले.