पॅसेंजर्स (२०१६): लव्हस्टोरी गोड पण पाया कच्चा

स्पेसशिप, क्रिस प्रॅट, जेनिफर लॉरेन्स, आणि पहिला अर्धा तास खरंच भारी आहे. दुसऱ्या ग्रहाकडे १२० वर्षांचा प्रवास, ५००० प्रवासी पॉडमध्ये (वर्षानुवर्षं झोपवून ठेवणाऱ्या बंद पेटीत) झोपलेले आणि मेकॅनिक जिमचा (प्रॅट) पॉड बिघडल्यामुळे हा बाबा ९० वर्षं आधीच जागा होतो. कॉफी मशीनसुद्धा ह्याला चांगली कॉफी देत नाही कारण ती गोल्ड क्लासवाल्यांची, एवढ्या यानात एकटाच जागा आणि तरी तिकिटाचा क्लास काही सुटत नाही, हसूही येतं आणि पोटात कालवतंही.

पुढे (स्पॉयलर आहे हां) वर्षभरानं तो झोपलेल्या ऑरोराला (लॉरेन्स) मुद्दाम उठवतो, आणि तुझाही पॉड बिघडला असंच तिला वाटू देतो. अरे, तिचं अख्खं आयुष्य खाल्लंस की! रोबो बारटेंडर आर्थर (मायकल शीन, सगळ्यात झकास काम त्याचंच) तोंड उघडतो तेव्हा लॉरेन्सचा संताप बघण्यासारखा आहे. इथून खरा पिक्चर सुरू व्हायचा, तर लगेच बिघाड, आग, धावपळ, आणि जिमनं जीव धोक्यात घातला की बाईसाहेबांचा राग गायब. ती लेखिका, त्या ग्रहावर वर्षभर राहून पृथ्वीवर परत येऊन लिहायचं ठरवून निघालेली, मग तिनं माफ कसं केलं ह्याचा एक धड सीन नको का?

ग्रॅव्हिटी गेल्यावर स्विमिंग पूलचं पाणी तिच्यासकट वर उठतं तो सीन मात्र मोठ्या टीव्हीवरच बघा, मोबाईलवर काही मजा नाही.