जीवाश्म: स्वतः शोधावेत की अदलाबदलीत घ्यावेत?

नागपुरात शंख-शिंपल्यांच्या जीवाश्मांचा छंद म्हटला की टाकळीचं नाव निघतंच. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १८५५ मध्येच इथल्या जीवाश्मांवर लिहिलं होतं. लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला हा तळ्यांचा गाळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात फायसा प्रिन्सेपी ही गोगलगाय सापडते. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, की ते तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. हे हातात घेऊन पाहण्यासारखं सुख नाही!

स्वतः शोधलेल्या नमुन्याचा थर आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून जागेची नोंद पक्की राहते. जमीनमालकाची परवानगी मात्र हवीच, आणि संरक्षित जागेतून काहीही उचलू नये.

पण हा गाळ गोड्या पाण्याचा. यात अमोनाइट कितीही शोधा, मिळायचा नाही. तो गुंडाळीदार शंखाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी. कच्छचा किंवा तमिळनाडूतल्या अरियालूरचा अमोनाइट हवा, तर तिकडच्या छांदिष्टांशी अदलाबदलच सोयीची. अदलाबदल करताना भिंग जवळ ठेवा: पृष्ठभागावर बारीक गोल बुडबुडे दिसले, तर राळेचं ओतकाम, म्हणजे साच्यातून काढलेली नक्कल असल्याची शंका घ्या. सोबत गाव आणि थर लिहिलेली चिठ्ठी नसेल, तर कितीही देखणा नमुना मी घेत नाही.

नवख्याने आधी इथलेच थर ओळखायला शिकावं, असं मला ठामपणे वाटतं. देवाणघेवाण त्यानंतर.