प्रेमकादंबरीकारांची वेबसाइट: ब्लॉगर, तयार बिल्डर की स्वतःचं वर्डप्रेस?

गेल्या पावसाळ्यात शाहूपुरीतल्या एक ताई माझ्याकडे आल्या. मी साताऱ्यात डीटीपीची आणि छोट्या वेबसाइटची कामं करते. ताई कथांच्या अॅपवर टोपणनावानं प्रेमकादंबऱ्या लिहितात. चार पूर्ण झाल्यात, पाचवी चालू आहे, दोन छापूनही आल्यात. वेबसाइट कशावर करू आणि तिच्यावर किती खर्च करू, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यानंतर हाच प्रश्न आणखी दोघींनी विचारला, म्हणून उत्तर सविस्तर लिहून ठेवते आहे.

उत्तराआधी मी ताईंना उलट विचारलं, "तुमच्या कादंबरीची शेवटची ओळ वाचून झाली की वाचक काय करते?" रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले झोपलेत, नायक-नायिकेचं एकदाचं जुळलंय आणि हिला अजून वाचायचंय. प्रेमकादंबरीची वाचक एकावर थांबत नाही. नायकाच्या धाकट्या भावाची गोष्ट आहे का, ती आधी वाचायची की नंतर, हे तिला तेव्हाच्या तेव्हा हवं असतं. ती तुमचं नाव गुगलवर टाकते. पुढच्या पाच मिनिटांत तिला काय सापडतं आणि ती जाताना तुमच्याकडे काय ठेवून जाते, याच दोन कसोट्यांवर मी सगळे पर्याय पारखते. रंग, चित्रं, सजावट यांचा विचार त्यानंतर.

वेबसाइट न करणं हाही पर्याय आहे

पहिलीच कादंबरी अजून अर्धी असेल तर वेबसाइट करू नका. बंगळुरूत 2014 साली सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या अॅपवर मराठी वाचक आधीच जमलेला आहे. रोज एक भाग टाकला की रात्रीपर्यंत प्रतिक्रिया येतात, कुठल्या भागाला वाचक गळतात तेही कळतं. नवख्या लेखिकेला हे कुठलीच वेबसाइट देऊ शकत नाही.

पण तिथले फॉलोअर अॅपचे असतात. त्यांचा ई-मेल तुम्हाला मिळत नाही. उद्या तुम्ही दुसरीकडे लिहायला लागलात, किंवा छापील पुस्तक आलं, तर त्यांना कळवायचं कसं? व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी 256 जणांवर थांबते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे नंबर अनोळखी माणसांना द्यायला हवा. टोपणनावानं लिहिणाऱ्या, तालुक्याच्या गावी शाळेत शिकवणाऱ्या बाईनं तो का द्यावा? भारतात सप्टेंबर 2023 पासून व्हॉट्सअॅप चॅनल आलेत, त्यात फॉलोअरना तुमचा नंबर दिसत नाही. अॅपला जोड म्हणून ते जरूर काढा.

एक गोष्ट मात्र पहिल्या कादंबरीपासूनच करा: टोपणनावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, घेऊन ठेवा. वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपये जातात. ते स्वतःच्याच ई-मेलवर, स्वतःच्याच खात्यातून घ्या. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेचं डोमेन वेबसाइट करून देणाऱ्यानं स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. तो गाव सोडून गेला, रिन्यू करायची तारीख टळली, आणि त्या नावावर आता भलतीच जाहिरात उघडते. पुस्तकाच्या मागच्या पानावर मात्र तोच पत्ता छापलेला आहे. देवनागरीतलं .भारत डोमेन 2014 पासून मिळतं आणि दिसायला सुंदर दिसतं, पण पेस्ट करताना पुष्कळदा त्याची रोमन अक्षरांची अगम्य जुडी होते. मुख्य पत्ता साधा ठेवा, ते हौसेनं जोडीला घ्या.

ब्लॉगर

गुगलनं 2003 मध्ये विकत घेतलेली ही सेवा अजून फुकट आहे. स्वतःचं डोमेन जोडता येतं, सुरक्षित जोडणीचे पैसे पडत नाहीत, सर्व्हरची काळजी नसते. फक्त डोमेनच्या खर्चात वेबसाइट उभी राहते. ज्यांना महिन्याकाठी दोन-तीन तासच देता येतात त्यांच्यासाठी मी आजही हेच सुचवते.

अडचण आहे ती त्याच्या घडणीत. ब्लॉगमध्ये नवं लिखाण वर येतं. क्रमशः कादंबरीला हे अगदी उलटं पडतं, कारण नवी वाचक आली की तिला पहिल्यांदा चाळिसावा भाग दिसतो. त्यात लग्न होऊन गेलेलं असतं, सगळी हुरहुर संपलेली असते. म्हणून ब्लॉगरवर "वाचनक्रम" नावाचं वेगळं पान हातानं बांधावं लागतं आणि तेच सगळ्यात आधी दिसेल अशी सोय करावी लागते. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण ते न केलेले कितीतरी ब्लॉग मी पाहिलेत.

ई-मेल गोळा करायची सोय ब्लॉगरमध्ये आता नाही. गुगलच्या फीडबर्नरमधली ती सोय 2021 मध्ये बंद झाली. गुगल फॉर्म लावून यादी करता येते, पण साध्या जीमेलवरून दिवसाला 500 जणांपर्यंतच मेल जातात. दोन-तीनशे वाचक असेपर्यंत हे चालतं.

शिवाय प्रसंग मोकळेपणानं लिहीत असाल तर ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये प्रौढांसाठीच्या मजकुराची खूण करावी लागते, आणि मग वाचकाला आधी इशाऱ्याचं पान दिसतं. सोज्वळ प्रेमकथा लिहिणाऱ्यांना हा प्रश्नच येत नाही.

तयार बिल्डर

विक्ससारख्या बिल्डरवर, म्हणजे तयार तुकडे जुळवून पान बांधायच्या सेवेवर, दोन दिवसांत देखणी वेबसाइट होते, हे मान्य. पण फुकटच्या योजनेत त्यांची जाहिरात आणि त्यांचाच पत्ता राहतो, स्वतःचं डोमेन जोडायला दरवर्षी पैसे भरावे लागतात, आणि ते साधारणपणे होस्टिंगपेक्षा, म्हणजे वेबसाइट ठेवायच्या जागेच्या भाड्यापेक्षा, जास्त होतात. माझी खरी हरकत वेगळी आहे. विक्सवर बांधलेली वेबसाइट आहे तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. दहा वर्षं लिहायचं ठरवलेल्या लेखिकेनं अशा घरात राहू नये. एकाच पुस्तकासाठी, प्रकाशनापुरतं पान हवं असेल तर खुशाल वापरा.

वर्डप्रेस

वर्डप्रेसही 2003 सालचंच, आणि फुकट. इथे सुरुवातीलाच घोळ होतो. डॉट कॉमवालं वर्डप्रेस ही कंपनीची सेवा आहे, तिथे स्वतःचं डोमेन जोडायला पैसे भरून योजना घ्यावी लागते. डॉट ऑर्गवरून मिळणारं वर्डप्रेस आपण भाड्याच्या होस्टिंगवर बसवतो. मी बोलते आहे ते दुसऱ्याबद्दल.

यात हवं ते करता येतं. प्रत्येक कादंबरीला स्वतंत्र पान, मालिकेचा क्रम, ई-मेलची यादी, तिथूनच पत्रं पाठवणं. ब्लॉगरवरचं जुनं लिखाण आत आणता येतं, आणि उद्या होस्टिंगवाला बदलला तर सगळं उचलून नेता येतं. पण हे घर आपलं असल्यामुळे झाडलोटही आपल्यालाच करावी लागते. अपडेट, बॅकअप, नको ती प्लगिन (जादा सोयींचे जोडतुकडे) काढणं, हे महिन्यातून एकदा तरी बघणारं माणूस हवं. होस्टिंगचा पहिल्या वर्षाचा भाव पाहून भुलू नका. दुसऱ्या वर्षी तो दुपटीच्याही वर जाऊ शकतो, म्हणून घेतानाच रिन्यूअलचा आकडा वाचा.

तीनहून जास्त कादंबऱ्या असतील, त्या एकमेकींत गुंतलेल्या असतील आणि घरात किंवा ओळखीत कुणी सांभाळणारं असेल तर वर्डप्रेसच घ्या. यातली एकही अट हुकत असेल तर ब्लॉगर बरं.

अक्षरांकडे लक्ष द्या, हे कुणी सांगत नाही

वेबसाइटचे तयार साचे बहुतेक इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. त्यात शीर्षकाच्या अक्षरांमध्ये अंतर सोडण्याची फॅशन आहे. इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत शिरोरेषाच तुटते. "तुझ्याविना" हा शब्द पाच तुकड्यांत लटकलेला मी एका लेखिकेच्या पहिल्याच पानावर पाहिला आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्या शब्दावर अख्खी कादंबरी उभी होती. कुठलाही साचा घेतलात तरी अक्षरांतलं अंतर शून्यावर आणा. ओळींतलं अंतर मात्र वाढवा. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, त्यामुळे अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट अंतर मोबाइलवर डोळ्यांना सुखाचं जातं.

दुसरी गोष्ट मराठी वळणाची. आपला "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. काही फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळलं तरच मराठी वळण उमटतं. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की ही खूण आपोआप लागते. ब्लॉगरच्या सेटिंगमध्येही मराठी निवडता येतं. नुसतं एवढं केल्यानं पान आपल्या घरचं वाटायला लागतं. फाँटपैकी मला लांब वाचनासाठी टिरो देवनागरी मराठी आणि बटणं-शीर्षकांसाठी मुक्ता आवडतो. दोन्ही गुगल फाँटवर फुकट आहेत. तिसरा घेऊ नका, देवनागरी फाँटच्या फाइली जड असतात.

छापील कादंबरीचं प्रकरण वेबसाइटवर टाकायचं असेल तर प्रकाशकाची फाइल बहुधा श्री-लिपीत (छपाईसाठीच्या फाँटच्या पद्धतीत) असते, युनिकोडमध्ये (मोबाइल-इंटरनेटवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नसते. तशीच चिकटवली तर नुसती चिन्हं दिसतात. कन्व्हर्टरमधून काढली तरी "ऱ्य" आणि "ऱ्ह" जपून तपासा. "वाऱ्याची झुळूक" हमखास "वार्याची झुळूक" होते, "दुसऱ्याची" ची "दुसर्याची". नायक पहिल्यांदा समोर येतो त्याच ओळीत असा खडा लागला तर वाचक पुढे कशी जाईल? एक प्रकरण मोठ्यानं वाचत तपासायला मला पाऊण तास लागतो आणि तो मी कधी वाचवत नाही.

लिंकबद्दल थोडक्यात: पानाचा पत्ता मराठीत ठेवलात तर व्हॉट्सअॅपवर पाठवताना त्याची टक्क्याच्या चिन्हांची हातभर रांग होऊ शकते. पत्ता छोटा आणि रोमन अक्षरांत ठेवा.

पहिल्या पानावर काय हवं

मोबाइलच्या पहिल्या पडद्यावर नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ, गोष्टीची एक ओळ, आणि दोनच बटणं: "पहिलं प्रकरण वाचा" आणि "पुस्तक घ्या". तुमचा परिचय, सत्काराचे फोटो, वर्तमानपत्राची कात्रणं खाली. हे ऐकून काही जणी हिरमुसतात, पण साडेअकराच्या वाचकाला सत्कार बघायचा नसतो.

प्रत्येक पुस्तकाखाली ते कुठल्या जातीचं आहे ते लिहा: ठरवून झालेल्या लग्नानंतरचं प्रेम, कराराचं लग्न, बालमैत्री, दुसरं लग्न. कथा सोज्वळ आहे की मोकळी, तेही एका शब्दात. प्रेमकथेचा वाचक यावरूनच निवड करतो, आणि नको ते हाती पडलं तर पुन्हा फिरकत नाही.

गुलाबी पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं टाळा. मजकूर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान 4.5 ला 1 असावा, असा वेबच्या सुगमतेचा सर्वमान्य दंडक आहे आणि तो तपासून देणारी साधनं फुकट मिळतात. प्रेमाचा रंग मुखपृष्ठावर दिसू दे, मजकूर गडद आणि स्पष्ट असू दे.

अॅमेझॉनवर मराठी ई-बुक काढून ते केडीपी सिलेक्टमध्ये (ई-बुक फक्त अॅमेझॉनवरच ठेवायच्या त्यांच्या योजनेत) घातलं असेल तर ती कादंबरी डिजिटल रूपात दुसरीकडे ठेवता येत नाही, स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा. नमुना म्हणून 10 टक्क्यांपर्यंतचाच भाग ठेवता येतो. म्हणून पहिलं प्रकरण टाकण्याआधी त्याची लांबी मोजा. ई-मेलच्या बदल्यात द्यायला एखादी स्वतंत्र छोटी कथा लिहा, त्याच पात्रांची, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची वगैरे. अशा कथेसाठी वाचक आनंदानं पत्ता देते. तो कशासाठी घेताय हे फॉर्मवरच सांगा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला आहे, आणि कायदा नसता तरी हे सांगायलाच हवं होतं. संपर्कासाठी फॉर्म पुरे, नंबर आणि घरचा पत्ता कुठेच नको.

सगळं झालं की साताऱ्याहून स्वारगेटच्या एसटीत बसा आणि खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर, नेट रांगत परत येत असतं तेव्हा आपली वेबसाइट उघडा. मुखपृष्ठाआधी मजकूर दिसला आणि बटण अंगठ्याखाली आलं तर काम जमलं. तिथे गोल फिरत राहिली तर चित्रं लहान करा.

ताईंनी शेवटी वर्डप्रेस घेतलं, कारण त्यांची भाची साताऱ्यातच कॉम्प्युटरचं शिकते आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी अपडेट बघायचं तिनं कबूल केलंय. चार कादंबऱ्यांचा वाचनक्रम लागला आहे. पाचवीचं मुखपृष्ठ काल आलं, किंडलसाठी केलेलं, 1600 बाय 2560 पिक्सेलचं आणि सात एमबीचं. ते 600 पिक्सेल रुंदीचं करून आज रात्री चढवते आहे.