स्लँट, स्टिक की मेश : नव्या संघाने छोट्या पासांची सुरुवात कुठून करावी?

शाळेच्या किंवा गावच्या लीगमधल्या अमेरिकन फुटबॉल संघाची आक्रमणाची आखणी तुमच्याकडे आली आहे. आठवड्याला मोजकेच सराव मिळतात आणि क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्याचा, हात अजून बेताचाच आहे. अशा वेळी आधार छोट्या पासांचाच: स्नॅप होताच, म्हणजे मधल्या खेळाडूने चेंडू मागे देताच, दोन-अडीच सेकंदांत सुटणारा, पाच-सहा यार्डांचा पास. त्याचे तीन संच बहुतेक प्लेबुकांत सापडतात. स्लँट-फ्लॅट, स्टिक आणि मेश. तिन्ही उत्तम आहेत, पण तिन्ही एकाच हंगामात शिकवायला गेलात तर एकही धड येणार नाही.

माझा कौल आधीच सांगतो. स्टिक घ्या, त्याच रचनेत दुसऱ्या बाजूला एक स्लँट ठेवा आणि मेश पुढच्या वर्षावर टाका. यामागचं कारण रूटच्या, म्हणजे पळण्याच्या ठरलेल्या वाटेच्या, आकारापेक्षा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, उभे कुठे राहतात यात जास्त आहे.

आधी उभं राहणं

स्नॅपच्या वेळी आक्रमणाचे चारपेक्षा जास्त खेळाडू लाइनच्या (खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेच्या) मागे नकोत, म्हणजे अकरा जणांच्या खेळात सात जण लाइनवर आलेच. त्या सातांपैकी फक्त दोन टोकांचे खेळाडू पास घेऊ शकतात, शिवाय मागे उभे असलेले. नवख्या संघात हमखास होणारी चूक इथलीच: टाइट एंड (लाइनच्या टोकाशी, आत उभा राहणारा रिसीव्हर) लाइनवर, त्याच्या बाहेरचा रिसीव्हरही लाइनवर. झालं, टाइट एंड झाकला गेला आणि त्याने पास झेलला तरी दंडच. म्हणून बाहेरच्या दोघांपैकी एकाला, ज्याला एक्स म्हणतात, लाइनवर ठेवतात आणि दुसऱ्याला, म्हणजे झेडला, एक पाऊल मागे. मागच्याला दोन फायदे मिळतात. समोरच्या कॉर्नरबॅकला, म्हणजे बाहेरच्या रिसीव्हरवर नेमलेल्या बचावपटूला, त्याला लगेच धक्का देऊन अडवणं अवघड जातं आणि स्नॅपआधी त्याला सहज हलवता येतं. एक्सला हे सुख नाही, तेव्हा तिथे हातापायाने दणकट मुलगा हवा.

दुसरी गोष्ट अंतराची. मैदानाची रुंदी 53 यार्डांहून थोडी जास्त. आत वळणारा रूट धावायचा असेल तर रिसीव्हरने बाहेर उभं राहावं, म्हणजे आत मोकळी जागा उरते. बाहेर वळणारा असेल तर आत सरकावं. अडचण एवढीच, की हे गणित बचावालाही पाठ असतं. क्षेत्ररचना पाहून जाणता फलंदाज पुढचा चेंडू ताडतो, तसा चांगला कॉर्नरबॅक रिसीव्हरच्या पायाखालची जागा बघूनच निम्मा रूट ओळखतो. त्यामुळे एकाच जागेवरून किमान दोन वेगळे रूट निघतील अशीच रचना निवडा.

स्लँट-फ्लॅट

शिकवायला सर्वांत सोपा संच. बाहेरचा रिसीव्हर तीन पावलं सरळ जाऊन तिरका आत घुसतो, आतला बाहेर फ्लॅटकडे, म्हणजे लाइनजवळच्या बाजूच्या पट्ट्याकडे, पळतो. क्वार्टरबॅकने एकाच बचावपटूकडे बघायचं: तो फ्लॅटमागे गेला तर स्लँट, जागीच थांबला तर फ्लॅट. या विचाराला मोठी परंपरा आहे. 1969 मध्ये सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक ग्रेग कुक याचा खांदा गेला आणि पुढच्या हंगामात त्याच्या जागी आलेल्या व्हर्जिल कार्टरकडे लांब फेकीचा जोर नव्हता. तिथे प्रशिक्षक असलेल्या बिल वॉल्शने आडव्या, छोट्या, वेळेवर बेतलेल्या पासांचं आक्रमण उभं केलं, आणि 1971 मध्ये पास पूर्ण होण्याच्या टक्केवारीत कार्टर एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पहिला आला. पुढे हीच पद्धत सॅन फ्रान्सिस्कोत गेली. जो मोंटानाने नेमक्या वेळी सोडलेला स्लँट झेलून जेरी राइस मैदान कापत सुटायचा, ते दृश्य त्यातूनच आलं.

मग हाच पहिला का नको? कारण चेंडू गर्दीत जातो. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतले खेळाडू, आत दबा धरून बसलेले असतात, आणि कव्हर टू झोन (माणसाऐवजी जागा राखणारा, खोल जागा दोघांनी वाटून घेतलेला बचाव) असेल तर कॉर्नरबॅक फ्लॅटवर थांबतो, म्हणजे दोन्ही दारं बंद. फेक अर्ध्या सेकंदाने उशिरा आली तर ती थेट समोरच्या संघाच्या हातात.

फेब्रुवारी 2015 मधला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, यासाठी पुन्हा पाहण्यासारखा आहे. सिएटल 28–24 ने मागे, चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर. उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक, म्हणजे स्टॅक: पुढे जर्मेन कर्स, मागे रिकार्डो लॉकेट. बेत असा, की कर्स पुढे घुसून वाट अडवेल आणि लॉकेट त्याच्या आडून स्लँट मारेल. न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला जागीच रोखलं. अडथळाच हलला नाही म्हटल्यावर मागे उभ्या माल्कम बटलरला वाट मोकळी मिळाली आणि रसेल विल्सनचा पास त्याने लॉकेटच्या पुढ्यातून उचलला. लोक अजूनही ‘धावत का नाही गेले’ यावर भांडतात. मला त्यात दिसतं ते वेगळंच: स्टॅकचं सगळं यश पुढच्या माणसाच्या पहिल्या पावलावर असतं, आणि त्या जागेवर कर्ससमोर उभा होता ब्राउनरसारखा धिप्पाड कॉर्नरबॅक.

स्टिक

इथे एका बाजूला तीन रिसीव्हर, दुसऱ्या बाजूला एकटा एक्स. तिघांपैकी सर्वांत बाहेरचा सरळ खोल पळून कॉर्नरबॅकला ओढून नेतो, मधला फ्लॅटकडे जातो आणि सर्वांत आतला पाच-सहा यार्डांवर जाऊन वळतो. झोन असेल तर त्याने मोकळ्या जागेत क्वार्टरबॅककडे तोंड करून थांबायचं, माणूस चिकटून असेल तर बाहेर सटकायचं. क्वार्टरबॅकची नजर पुन्हा एकाच लाइनबॅकरवर. पण स्लँटशी तुलना केली तर दोन गोष्टी बदलतात. फेक फार जवळची होते आणि वळून थांबलेल्या रिसीव्हरची पाठ बचावाकडे असते, त्यामुळे चुकलेला पास बहुधा जमिनीवर पडतो, समोरच्याच्या हातात जात नाही.

खरी गंमत एकट्या एक्सची. स्नॅपआधी क्वार्टरबॅकने तीन रिसीव्हरांच्या बाजूचे बचावपटू मोजायचे. तिथे चौथा सरकला असेल तर दुसरीकडे एक्ससमोर एकच माणूस उरतो आणि आत मदतीलाही फारसं कोणी नसतं. तिथे स्लँट टाका. गर्दीचा आक्षेप या बाजूला बराच कमी होतो. एकच रचना, दोन प्रश्न, दोन उत्तरं. शिकाऊ क्वार्टरबॅकला एवढंच पेलतं.

स्टिकचा कच्चा दुवा म्हणजे आतला रिसीव्हर. झोन की माणूस, हे त्याला पळता पळता ओळखावं लागतं. त्या जागी सर्वांत वेगवान मुलगा ठेवू नका, सर्वांत शहाणा ठेवा.

मेश

दोन रिसीव्हर विरुद्ध बाजूंनी येऊन पाच-सहा यार्डांवर एकमेकांना टाळी देता येईल इतक्या जवळून ओलांडतात. मॅन-टू-मॅन बचावात पाठलाग करणारे आपसांत अडकतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या लाव्हेल एडवर्ड्सच्या आक्रमणातून ही कल्पना हॅल मम्मे आणि माइक लीच यांनी उचलली आणि 1989 पासून आयोवा वेस्लियनमध्ये तिच्याभोवती एअर रेड नावाचं पासांवर उभं आक्रमण घडवलं. त्यांचं यश मोजक्याच खेळी अतोनात घोटण्यात होतं. तुमच्याकडे नेमका तेवढा वेळ नाही. ओलांडायला वेळ लागतो म्हणून लाइनला जास्त तग धरावा लागतो, आणि रिसीव्हर चुकून बचावपटूवर आदळला तर आक्रमणालाच दंड. समोरचे संघ सतत मॅन-टू-मॅनच खेळत असतील तरच मेशचा हट्ट धरा.

ते मॅन-टू-मॅन आहे की नाही हे कळण्याचा स्वस्त उपाय म्हणजे मोशन. स्नॅपआधी झेडला आडवं हलवा. त्याच्यामागे कोणी पळालं तर बहुधा माणसाला माणूस. फेब्रुवारी 2023 च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीने याचाच फायदा घेतला. रिसीव्हर आत येऊ लागला, फिलाडेल्फियाचा बचाव त्याच्यासोबत आत सरकला, तो गर्रकन बाहेर फ्लॅटकडे वळला. चौथ्या क्वार्टरमध्ये आधी कॅडेरियस टोनी, मग दुसऱ्या बाजूला स्काय मूर, दोघेही गोलरेषेजवळ अगदी एकटे. स्नॅपच्या क्षणी मात्र एकच खेळाडू हलता असावा, आणि तोही आडवा किंवा मागे.

फ्लॅग फुटबॉलच्या (यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात) पाच जणांच्या संघासाठी हिशेब थोडा बदलतो. हा खेळ 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये घेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्याच अधिवेशनात झाला. आंतरराष्ट्रीय नियमांत मैदान 25 यार्ड रुंद, स्नॅप देणारा सेंटरही पास घेऊ शकतो आणि अडवणं पूर्ण बंद. स्टॅक आणि मेश दोन्ही इथे शिट्टीला आमंत्रण देतात. स्टिकचा आतला रूट सेंटरलाच द्या, कारण त्याच्यावर अनेकदा कोणाचं लक्षच नसतं.

अकरा जणांच्या शालेय मैदानावर एक शेवटची अडचण येते. तिथले हॅश मार्क, म्हणजे ज्यांच्या दरम्यान किंवा ज्यांच्यावर चेंडू ठेवतात त्या खुणांच्या दोन रांगा, मैदानाचे तीन सारखे भाग करतात, म्हणजे चेंडू हॅशवर असला की एका बाजूला जेमतेम 18 यार्ड आणि दुसऱ्या बाजूला 35 हून अधिक. एनएफएलमध्ये ते मध्यापासून तीनेक यार्डांवरच असतात, त्यामुळे टीव्हीवर पाहिलेली अंतरं इथे जशीच्या तशी चालत नाहीत. तीन रिसीव्हर रुंद बाजूला ठेवा, पण त्यांची जागा साइडलाइनपासून नका मोजू, चेंडूपासून मोजा. नाहीतर फ्लॅटची फेकच इतकी लांब होते, की बेताच्या हातातून सुटलेला चेंडू पोहोचेपर्यंत कॉर्नरबॅक तिथे आधीच हजर असतो.