सही आधी, गाडी नंतर

नवी गाडी ताब्यात घ्यायला शोरूमनं मला संध्याकाळी सातला बोलावलं. झगझगीत दिव्यांखाली, नुकतीच धुतलेली, अंगावर पाण्याचे थेंब तसेच असलेली गाडी समोर आली आणि मी खुळ्यासारखा बघतच राहिलो. ओल्या गाडीवर ओरखडे लपतात, रंगातला फरक तर हमखास लपतो, हे कुठे ठाऊक होतं? सेल्समन फाइल घेऊन पाठीशी उभाच. "सर, इथे एक सही, इथे एक." तपासणीच्या कागदावर बरोबरच्या खुणा आधीच मारलेल्या. मी सह्या ठोकल्या. नोंदणी आदल्या दिवशीच उरकली होती, त्यामुळे 'ही नको, दुसरी द्या' म्हणायची सोयही उरली नव्हती. खरं तर चॅसी नंबर, म्हणजे गाडीवर कोरलेला तिचा ओळख क्रमांक, बिलाशी ताडून गाडी बघायची ती नोंदणीच्या आधी, दिवसाउजेडी आणि कोरडी.

तीन आठवड्यांनी भर उन्हात ओळखीच्या मेकॅनिकला डावं मागचं दार खटकलं. त्यानं ते उघडून रबराच्या बीडिंगवरून माझं बोट फिरवलं. बारीक, रवाळ काहीतरी लागलं. रंगाचे उडालेले तुषार! मग बिजागरीकडे बघून म्हणाला, "या बोल्टला पाना लागलाय." त्याच्या कडांचा रंग टवका उडाल्यासारखा गेला होता, बाकीच्या तीन दारांचे बोल्ट अखंड रंगलेले. रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं, तर इतर दारांवर 110-120 मायक्रॉन, इथे 260. कारखान्यातला थर साधारण 100 ते 150 चा असतो. म्हणजे हे दार नंतर पुन्हा रंगवलेलं.

टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या तीन टायरांवर 1524 आणि डाव्या मागच्यावर 4124. म्हणजे तीन टायर एप्रिलमधले, चौथा ऑक्टोबरमधला. दार आणि चाक एकाच कोपऱ्यातलं. आता यात आणखी काय जुळवायचं?

गेलो भांडायला. मॅनेजर आधी म्हणाला, "वाहतुकीत होतं असं कधीकधी." म्हणजे त्याला माहीत होतं! आवाज चढवला तसा त्यानं शांतपणे फाइल माझ्याकडे फिरवली. 'रंग: ठीक. टायर: ठीक.' खाली माझीच सही, चांगली पल्लेदार. वर एकदा पॉलिश फुकट करून देतो म्हणाला.