७,०४९ रुपयांचं लॉक, जे बदललंच नाही

रक्कम आधीच सांगून टाकतो, मागाहून लाजत लाजत सांगण्यात अर्थ नाही. सात हजार एकोणपन्नास रुपये. ४९९ 'व्हिजिट'चे, ३,२०० नव्या लॉकचे, २,४५० सेंट्रल लॉकच्या मॉड्यूलचे आणि ९०० मजुरी. कशासाठी, तर मारुती ८००चं ड्रायव्हरकडचं दार उघडेना म्हणून. नंतर आमच्या मेस्ताने, म्हणजे नेहमीच्या मेकॅनिकने, तेच काम अडीचशेत केलं.

गाडी २००८ची, वडिलांची. पंधरा वर्षं भरल्यावर पासिंग करून २०२८पर्यंत मुदत वाढवून घेतलेली. "भंगारात का घालत नाहीस?" असं विचारणाऱ्यांना माझा नमस्कार. इंजिन अजून ठणठणीत आहे, प्रश्न दाराचा होता.

जुनी मारुती वापरणाऱ्यांना हे माहीत असेल. आतलं हँडल दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं. ओढलं की नुसतंच ढिलं यायचं. मग काच खाली करायची, हात बाहेर घालायचा, बाहेरचं हँडल उचलायचं आणि उतरायचं. इतकी सवय झाली होती की दुसऱ्याच्या गाडीतसुद्धा माझा हात आधी काचेकडे जायचा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान घेऊन घरी आलो आणि बाहेरचं हँडलही तसंच ढिलं लागलं. मी आत अडकलो. शेजारच्या सीटवर आई, तिच्या मांडीवर सुपारीचे घोस आणि तोरिंगाची फळं, मागे नारळ. बाहेर धो धो पाऊस. आई उतरल्याशिवाय मला उतरता येईना, आणि गुडघ्यांमुळे आईला पटकन उतरता येईना. शेवटी मी गिअरवरून पाय टाकून, लेंगा फाडून घेत, तिच्या बाजूने बाहेर पडलो. शेजाऱ्यांनी सगळं बघितलं.

आमचा मेस्त चवथीला गावी गेलेला, गॅरेज पाच दिवस बंद. विसर्जनापर्यंत पाहुण्यांची ने-आण याच गाडीतून व्हायची. म्हणून गाडीचं लॉक घरी येऊन दुरुस्त करणारा कुणी मिळतो का, ते फोनवर शोधलं. पहिलाच नंबर, फोंड्यातल्या तिस्क भागातला पत्ता, दुकानाचा फोटो, खाली लोकांनी दिलेले तारे. आता कुणी म्हणेल, पहिला नंबर पैसे भरून वर आणलेला असतो, एवढं कळत नाही? कळतं हो. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही हे मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवलेलं आहे. ओटीपी मी सख्ख्या भावालाही सांगत नाही. पण इथे ओटीपी कुणी मागितलाच नाही. इथे एक मुलगा रेनकोट घालून दारात आला.

आणि बाहेरचा म्हणावा तर बाहेरचाही नव्हता. आमच्यासारखीच कोंकणी बोलत होता. "पात्रांव, भियेनाकात," म्हणाला, म्हणजे मालक, घाबरू नका. असं काही झालं की "हे सगळे बाहेरून येतात" म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. मी तिथेच तर सैलावलो.

त्याने रिमोट दाबून बघितला. तीन दारं टक, टक, टक करून उघडली, चौथं नाही. त्यावर म्हणतो, "मॉड्यूल जळलंय. लॉकही गेलंय, गंजलंय आतून." मॉड्यूल जळलं तर तीन दारं कुणी उघडली? माझ्या कानांनी ऐकलं आणि मी मान डोलावली! आतून आई हाक मारत होती, माटोळी बांधायची राहिली होती. मी स्टुलावर चढून माटोळीला कांगलाची फळं बांधत होतो आणि खाली अंगणात तो माझं दार उघडत होता. पाऊण तास मी तिकडे फिरकलो नाही. ही चूक माझी. पण चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी सोडून मेकॅनिकच्या डोक्यावर उभा राहणारा माणूस मला दाखवा.

बाहेर आलो तेव्हा दार उघडं होतं. डॅशबोर्डखाली नवा काळा डबा चिकटवलेला. "जुना पार्ट द्या," असं मी आवर्जून म्हणालो, वडिलांची शिकवण. त्याने लगेच पिशवीतून गंजलेलं लॉक काढून हातात ठेवलं. त्याच्या कडेला, स्क्रूच्या भोकापाशी, निळ्या रंगाचा फराटा होता. दार रंगवताना उडतो तसा. माझी गाडी पांढरी आहे. पहिल्या दिवसापासून पांढरी. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "कंपनीचा प्रायमर असतो." आणि मी ते लॉक वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये ठेवलं.

तरीही हे एक वेळ सोडून देतो. खरी चीड पुढच्या क्षणाची येते. पैसे दिले, तो गेला, मी गाडी शेडमध्ये लावली आणि उतरलो. कसा उतरलो? काच खाली करून, हात बाहेर घालून! ३,२०० रुपयांच्या कोऱ्या लॉकचं आतलं हँडल तसंच्या तसं ढिलं होतं आणि मी ते ओढूनही बघितलं नाही. सवयीने काच उतरवली. तेव्हा एकदा ते हँडल ओढलं असतं, तर त्याला कोपऱ्यावर गाठला असता. झोपताना मला आजही तो काचेचा फिरकीचा दांडा हाताशी आल्यासारखा वाटतो.

अकरा दिवसांनी पेट्रोल पंपावर दार पुन्हा अडकलं. फोन बंद. तिस्कच्या त्या पत्त्यावर गेलो तर झेरॉक्सचं दुकान. मालक म्हणाला, "लॉकवाल्याकडे आलात ना? तुम्ही तिसरे." तिसरे! मग बाबा, दारावर एक कागद तरी चिकटव.

मेस्त एव्हाना गावाहून परतला होता. त्याने दाराचं पॅड काढलं आणि मला वाकून बघायला लावलं. लॉक जुनंच, माझंच. त्यावर काळ्या रंगाचा फवारा मारलेला, तोही अर्धवट. हँडलपासून लॉकपर्यंत एक सळी जाते, ती प्लास्टिकच्या छोट्या क्लिपने अडकवलेली असते. वर्षांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, क्लिप तुटते, सळी लोंबते, हँडल ढिलं पडतं. आजार एवढाच. त्या पठ्ठ्याने सळी वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने आवळली होती, आणि ती पट्टी तुटून दाराच्या तळाशी पडली होती. डॅशबोर्डखालच्या डब्याला चार वायरी होत्या, चारी चिकटपट्टीत गुंडाळलेल्या, कशालाच न जोडलेल्या. २,४५० रुपयांचा रिकामा डबा. जुनं मॉड्यूल वरच्या बाजूला गुमान काम करत होतं. मेस्ताने आतली आणि बाहेरची अशा दोन क्लिपा बसवल्या, दहा-दहा रुपयांच्या, ग्रीस लावलं, दाराखालची पाणी जायची बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. अडीचशे. वर मला म्हणाला, "दोन वर्षं सांगतोय, आतलं हँडल करून घे."

म्हणून सांगतो, हँडल ढिलं पडलं तर बहुतेक वेळा सळी निसटलेली असते. हँडलला ताण आहे आणि तरी दार उघडत नाही, तर लॉक जाम झालेलं असतं, ते स्प्रे आणि ग्रीसने बरेचदा सुटतं. आणि चावीच्या भोकात खोबरेल ओतू नका. आपल्याकडे कशालाही खोबरेल. त्यावर धूळ बसते आणि ते आणखी जाम होतं.

आता सरकारी कौतुक ऐका. पोलिसांकडे गेलो. साहेब विसर्जनाच्या बंदोबस्ताला, म्हणून आधी दोन दिवसांनी या. दोन दिवसांनी गेलो तर हे सायबरचं आहे. मी म्हटलं, माणूस घरी आला होता, माझ्या हातचा चहा प्यायला. मग हे सायबरचं नाही, व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. मी पुरावा म्हणून ते गंजकं लॉक टेबलावर ठेवलं. हवालदाराने ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "लॉक तर तुमच्याकडेच आहे. मग गेलं काय?" मागे बाकावर बसलेला एक जण हसला. अर्ज लिहून घेतला, पोच मागितली तर "शिक्का साहेबांच्या कपाटात." कपाटाची चावी कुणाकडे हे मी विचारलं नाही. चावी हा शब्दच नको झाला होता.

बँकेत बाई नम्रपणे म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. चार वेळा टाकला. चार वेळांत दोन वेगळी नावं पडद्यावर आली, एक कसल्याशा ट्रेडर्सचं, एक कुणा बाईचं, आणि तो मुलगा दोन्हींपैकी कुणीच नव्हता. क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव वाचा. मी वाचलं नाही, हिरवी खूण कधी येते तेवढंच बघत होतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा तर त्याच तासात करा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी बारा दिवसांनी केला.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे खरं आहे. पण अर्जात समोरच्याचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. काय लिहू, झेरॉक्सचं दुकान? बिल म्हणून जो कागद मिळाला त्यावर जीएसटी नंबर नाही, सही म्हणून एक वेटोळं.

स्पेअर चावी त्याने "पॅटर्न बघायला" मागितली होती, ती मी दिली नाही. एवढं एक शहाणपण माझ्या नावावर लिहा.

लॉक अजून शेडमध्ये आहे. फोंड्यात किंवा आसपास कुणाची निळी मारुती असेल आणि तिच्या दाराचं लॉक हल्ली कुणी "बदलून" दिलं असेल, तर येऊन घेऊन जा.