सोलापूर ते मोपा : त्रेपन्न मिनिटांचा हिशेब

होटगी रस्त्यावरील आमच्या विमानतळावरून गोव्याची, म्हणजे तिथल्या मोपा विमानतळाची, विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली. मला मात्र तिने जाण्याचा योग सावंतवाडीच्या एका लग्नामुळे आला. निघण्यापूर्वी दोन विमानतळांमधले अंतर आणि वेळ सांगणारे एक संकेतस्थळ पाहिले, तर उत्तर आले : ३०५ किलोमीटर, ५३ मिनिटे. हा अभिप्राय त्या उत्तराविषयी आणि प्रत्यक्ष प्रवासाविषयीही आहे.

अंतर बरोबर आहे, पण ते नकाशावर दोरी ताणून मोजलेले आहे. ही दोरी अथणी, गडहिंग्लज आणि आंबोलीच्या आसपासून जाते. रस्त्याने सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबोलीचा घाट उतरायचा, तर चारशेहून अधिक किलोमीटर होतात आणि आठ-नऊ तास मोडतात. वेळेचा आकडा मला सुरुवातीपासून खटकला होता. अशी संकेतस्थळे बहुधा ताशी ८०० किलोमीटर वेग धरतात आणि वर अर्धा तास सरसकट मिळवतात. ३०५ किलोमीटरला २३ मिनिटे, अधिक ३०, झाली ५३. आम्ही बसलो ते विमान होते एटीआर ७२, पंख्यांचे, ज्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. गंमत अशी की, धावपट्टी सोडल्यापासून मोप्याला चाके टेकेपर्यंत माझ्या घड्याळात ५१ मिनिटे झाली. रीत चुकीची, उत्तर जवळपास बरोबर. शाळेत याला अर्धे गुण मिळत असत.

प्रवाशाच्या दृष्टीने खरा हिशेब मात्र वेगळाच आहे. सात रस्त्यावरच्या घरातून रिक्षाने विमानतळ पंधरा मिनिटांत आला, पण तपासणीसाठी दीड तास आधी पोहोचावे लागले, आणि मोप्याला उतरून सामान हाती येईपर्यंत घर सोडल्याला तीन तास होऊन गेले होते. तरीही घाटातल्या वळणांनी आईला होणारा त्रास वाचला, हे माझ्या लेखी तिकिटाच्या पैशांहून मोठे आहे.

विमानात मागच्या दाराने, चार-पाच पायऱ्या चढून जायचे असते. पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे खालचे सगळे दिसते : आधी ज्वारीची करडी-पिवळी वावरे, मग कृष्णाकाठचा हिरवा ऊस, आणि शेवटी एकदम दाट रान. वरचे कप्पे अरुंद आहेत. आईने लग्नघरी द्यायला घेतलेल्या दोन चादरी पायाशी ठेवाव्या लागल्या. शेंगाचटणीची पुडी मात्र तिने शेवटपर्यंत मांडीवरून हलू दिली नाही.

मोपा महाराष्ट्राच्या हद्दीलगत असल्याने ही सेवा नावाला गोव्याची असली, तरी सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग येथे जाणाऱ्यांच्या अधिक सोयीची आहे. आम्ही गेलो तेव्हा विमान रोज नव्हते, आणि संकेतस्थळावर याचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. लग्न उरकल्यावर परतीच्या विमानासाठी दोन दिवस थांबावे लागले असते, म्हणून आम्ही कोल्हापूरमार्गे रात्रीच्या बसने आलो, आणि आईने आंबोलीपर्यंत खिडकी उघडीच ठेवली.